आईच्या खोलीतला राउटर

आमच्या घरात नवी वस्तू आली की जुनी माझ्या खोलीत येते. जुना टीव्ही, कुरकुरणारा पंखा, सुनेच्या डोळ्यांत खुपायला लागलेलं लाकडी टेबल. करंजाड्याच्या या फ्लॅटमध्ये माझी खोली सगळ्यात आतली, आणि पाहुण्यांना घर दाखवताना तिचं दार ओढून घेतात. मी शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बाई. अडगळीत कोणाकोणाला ठेवतात, ते मला समजतं.

माझी थोरली बहीण आमच्या माहेरच्या कोळीवाड्यात, करंजाला असते. बंदरावर मासळीच्या लिलावात तिचा आवाज चढला की बोली लावणारे बाप्ये गप्प बसायचे. मग तिला लकवा मारला आणि वाचा गेली. साधा फोन तिच्या कामाचा नाही, कानाला लावला तर ढकलून देते. तिला समोर माणसाचं तोंड दिसावं लागतं. म्हणून रोज दुपारी चारला आमचा व्हिडिओ कॉल. मी बोलायचे आणि ती डोळ्यांनी, घशातून निघणाऱ्या घोगऱ्या आवाजानं उत्तर द्यायची. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून माझा बसचा प्रवास बंद झालाय. मुलाच्या गाडीला रविवारी मॉलचा रस्ता पाठ आहे, करंजाचा नाही.

राउटर हॉलमध्ये होता आणि माझ्या खोलीपर्यंत रेंज पोचत नव्हती, म्हणून मी कॉल हॉलमध्ये घ्यायचे. सून तिथेच बसून ऑफिसचं काम करते. एकदा तिची मीटिंग चालू असताना बहिणीनं मला बघून आनंदानं मोठा आवाज काढला. सुनेनं कानावरचे हेडफोन उतरवले.

"आई, तो भेसूर आवाज आधी बंद करा. सगळे हसतायत तिकडे."

बहिणीची वाचा गेली होती, कान शाबूत होते. तिचं तोंड मिटलं. मी काही बोलायच्या आत सुनेनं माझ्या हातातला फोन घेतला आणि कॉल कापला.

संध्याकाळी मुलगा म्हणाला, "मेश बसवू या. घरभर रेंज येईल, तू तुझ्या खोलीत बसून बोल." मेश म्हणजे जाळं, हेही त्यानं मला समजावलं. कोळ्याच्या मुलीला!

तीन पांढरे डबे आले. कंपनीचा मोडेम तसाच ठेवला. त्याच्यापासून जुन्या राउटरला जाणारी वायर काढून पहिल्या डब्याला लावली. बाकीचे दोन पहिल्याकडून बिनवायरचं इंटरनेट उचलणारे. दुसरा डबा त्यांच्या बेडरूममध्ये गेला. तिसरा माझ्या नावानं आणलेला, तो बाथरूमच्या पॅसेजमध्ये लागला, कारण चिरंजीवांना संडासात क्रिकेट अडकलेलं खपत नाही.

"आणि माझ्या खोलीत?" मी विचारलं.

"तुला जुना राउटर लावून देतो ना. चांगला चालतोय, टाकायचा कशाला? आपोआप रेंज पुढे ढकलेल."

सगळ्यांचे फोन विनातक्रार जोडले जावेत म्हणून त्यानं नव्या जाळ्याला जुन्या राउटरचंच नाव आणि पासवर्ड दिला. जुना राउटर माझ्या टेबलावर बसला. प्लग लावताच हिरवे दिवे लागले, माझा फोन लगेच त्याला चिकटला आणि पूर्ण दांड्या दाखवायला लागला.

चार वाजता कॉल लावला. पडद्यावर नुसतं गोल गोल फिरत राहिलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. मुलानं लांबूनच माझ्या फोनकडे पाहिलं.

"फुल रेंज आहे की, आई. तुझंच काहीतरी चुकतंय."

"वय झालं की असं होतं," सून म्हणाली. हॉलमध्ये बसायची सोय उरली नव्हती, कारण "आता तुमच्या खोलीत आहे ना" हे ती आधीच सांगून मोकळी झाली होती. माझा मोबाइलचा डेटा पॅकही मुलानं कधीच बंद केला होता. घरात वायफाय असताना म्हातारीला डेटा कशाला!

मग करंजाहून भाचेसुनेचा साधा फोन आला. "मावशी, आमी रोज चारला फोन त्यांच्या पुढ्यात ठेवतो. तुमचा कॉल येतच नाय. त्यांना वाटतंय, तुमाला त्यांची लाज वाटते."

"अगं, वायफायचं काम चाललंय, सांग तिला."

"सांगितलं. पटत नाय त्यांना. त्या दिवशीचं आयकलंय ना त्यांनी."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी राउटर उचलून उलटापालटा केला. प्लगची वायर होती, दुसरी कुठलीच नव्हती. टाकीला न जोडलेला नळ माझ्या टेबलावर बसवून ही मंडळी मला तोटी फिरवायला शिकवत होती. माझा फोन आणि तो डबा एकमेकांना घट्ट धरून बसले होते, आणि दोघांचाही बाहेरच्या जगाशी संबंध नव्हता.

रविवार होता. मुलगा मॅच घेऊन संडासात बसला होता. मी पॅसेजमधला डबा खेचून काढला, जुना राउटर बंद केला आणि त्याच्या जागी नवा लावला.

"ए, वायफाय कोणी काढलं?" आतून ओरडा आला.

"मी."

"आई! शेवटची ओव्हर आहे!"

"असू दे."

चार वाजत आले होते. डब्याचा दिवा स्थिर झाल्यावर मी कॉल लावला. लागला. बहीण दिसली. केस विंचरलेले, ओठ घट्ट मिटलेले. मी म्हटलं, "बघ, आले मी. अगं, इंटरनेटच नव्हतं माझ्याकडे." ती बघत राहिली. "आवाज काढ ना. इथं कोणी नाही. मोठ्यानं काढ." तिनं ओठ उघडले नाहीत. मग तिचा चांगला हात वर आला. पूर्वी ती असाच पडद्यावरून माझा गाल चाचपायची, म्हणून मी तोंड पुढे नेलं. बोट खाली गेलं आणि पडदा काळा झाला.

सून दारात उभी होती. "झालं एवढ्यात? मग इतका तमाशा कशाला केलात?"

मी पुन्हा कॉल लावला. वाजत राहिला. रेंज उत्तम होती.