महाग रबर, स्वस्त माणसं

आमच्या ओहायोतल्या डब्लिनला कुणाकडेही जेवायला जमलं, की आमच्या रबर कंपनीतले किस्से निघतातच. एक सांगितला की त्याच्या खालून दुसरा निघतो. मंडळी हसतात. मला मात्र अजून राग येतो.

ऐंशीच्या दशकात मी ओहायोतल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. आमचं रबर साधंसुधं नव्हतं. आठवडाभर पेट्रोलमध्ये बुडवा, फुगायचं नाही. इंजिनाच्या उष्णतेत ठेवा, तडकायचं नाही. किंमतही तशीच, साध्या रबराच्या कितीतरी पट. पहिल्याच दिवशी आमचा मॅनेजर वॉल्टर म्हणाला, तुला काम सोपं जाईल, इंडियात रबराची झाडं असतात ना. मी म्हटलं, हे रबर रिअ‍ॅक्टरमध्ये तयार होतं आणि त्यावरच माझी पीएच.डी. आहे. "ग्रेट," म्हणाला, आणि महिनाभर मला सॅम्पलच्या डब्यांवर लेबलं लावायला बसवलं.

*

सेल्समन रॉनला रबरातलं काही कळत नसे, पण आत्मविश्वास दांडगा. त्यानं आमचं रबर मिनेसोटातल्या एका कोल्ड स्टोरेजला दारांच्या सीलसाठी विकलं. थंडीत हे कडक होतं, असं मी आधीच लेखी दिलं होतं. पहिल्याच महिन्यात दारं लागेनात. मीटिंगमध्ये रॉननं विचारलं, लॅबनं सांगितलं का नाही? मी मेमो पुढे ठेवला. तो म्हणाला, "फार लांब होता, वाचला नाही."

मेमो चार ओळींचा होता.

*

पुढे पेट्रोलमध्ये अल्कोहोल मिसळायला लागले आणि गाड्यांचे साध्या रबराचे होज पाइप गळायला लागले. आमच्या रबराला एकदम मागणी आली. अल्कोहोललाही दाद न देणारं नवं मिश्रण बसवलं ते आमच्या लॅबमधल्या नागपूरच्या कुलकर्णींनी, दोन वर्षं खपून. पण डेट्रॉइटच्या गिऱ्हाइकांपुढे वॉल्टरनं रॉनला उभं केलं. कुलकर्णींचा अ‍ॅक्सेंट कळत नाही म्हणे.

समोरच्या एका इंजिनिअर बाईंनी विचारलं, हे फुगत कसं नाही? रॉन मागे बसलेल्या कुलकर्णींकडे बघायला लागला. कुलकर्णी शांतपणे म्हणाले, "सॉरी, माझा अ‍ॅक्सेंट कळणार नाही."

बाई उठल्या, खुर्ची घेऊन त्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "मला कळतोय. सांगा." तासभर दोघं बोलत होते. ऑर्डर आम्हाला मिळाली.

प्रमोशन रॉनला मिळालं. कुलकर्णींनी राजीनामा दिला.

*

त्यांच्या शेवटच्या दिवशी गेटवर गार्डनं त्यांची बॅग उघडली. आत रबराची एक रिंग निघाली. हा आमचा माल चोरून चाललाय, असं समजून वॉल्टर धावत आला. कुलकर्णी सांगत राहिले, ही घरच्या प्रेशर कुकरची जुनी रिंग आहे, इथे नवी मिळत नाही म्हणून माप घ्यायला लॅबमध्ये आणली होती. कुणी ऐकेना. बारा वर्षं नोकरी केलेल्या माणसाला पाऊण तास गेटवर उभं ठेवलं, येणारेजाणारे बघत असताना. मी वॉल्टरशी भांडायला लागले, तर तेच मला म्हणाले, "अलका, तू घरी जा." माझ्याकडे बघत नव्हते.

रिंग जप्त झाली. सोमवारी सीलबंद पाकिटातून ती माझ्याच टेबलावर आली, वर 'अर्जंट'चा शिक्का. त्यात काय काय आहे ते तपासून लिहून द्यायचं होतं.

मी पाकीट फोडलं, रिंगचा वास घेतला आणि रिपोर्ट लिहिला: तूरडाळ, हळद, हिंग. खाली सही केली आणि वॉल्टरच्या हातात नेऊन दिला.