काकूचं घरकुल आणि स्वीडनची पाहुणी

आमच्या काकूनं सरकारी घरकुलात म्हैस बांधली, आणि नेमकं तेच बघायला मी स्वीडनची पाहुणी घेऊन गेलो.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. हिंगोलीच्या एका कॉलेजात मी समाजशास्त्र शिकवायचो. ही बाई देशोदेशीची सरकारं लोकांना घरं कशी देतात याचा अभ्यास करत फिरत होती. दुभाषा मी (इंग्रजी जेमतेम, उत्साह भरपूर). जीपमध्ये मी फुशारकी मारली, "पुसेगावजवळ माझ्या काकूलाच घरकुल मिळालंय. पक्कं, स्लॅबचं."

पोचलो तर घरकुलाच्या दारातून म्हैस आमच्याकडं बघत होती. काका-काकू शेजारच्या जुन्या मातीच्या घरात.

"काकू, हे काय?"

"गोठा वाऱ्यानं पडला, बापू. आन् ही आज-उद्या व्यायला झाली. कुठं ठेवू?"

"पण तुमी काहून न्हाई राहात इथं?"

"स्लॅब तापतो. तव्याबिगर भाकर भाजती आत."

पाहुणीनं म्हशीचा फोटो काढला. मी घाईघाईनं सांगितलं, ही तात्पुरती सोय आहे. म्हैस रेकली.

मग पाहुणी काकूला तिकडचं सांगू लागली. शहरात पुष्कळ लोक भाड्यानं राहतात, घरासाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागतो, पण एकदा आत गेलं की मालकाला सहजी काढता येत नाही. मी ते मराठीत सांगितलं आणि फसलो.

"लई चांगलं हाय की," काकू पाहुणीकडं वळली. "ह्या बापूचा घरमालक तर दरसाली ह्याला हाकलतो. शाळा सुटल्यावर ह्याची लेकरं चुकून जुन्याच घरी जाऊन बसतात."

"काय म्हणतात?" पाहुणीनं विचारलं.

"तुमच्या कायद्याचं कौतुक करतात."

"तिला इचार, ह्याच्यासाठी एखादी खोली हाय का तिकडं?"

"आता काय म्हणतात?"

"तिकडची हवा विचारतात." माझा एक पाय जीपकडं निघालेला.

काकूनं आमच्या दोघांच्या तोंडाकडं पाहिलं. तिला काय समजलं कोण जाणे. "ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "रेडकू जरा मोठं झालं की खोली रिकामी करते. बायको-लेकरं घेऊन ये. पर म्हशीला तकलीफ व्हायला न्हाई पाहिजे."

पाहुणी पुन्हा माझ्याकडं बघू लागली.

"चहाला थांबा म्हणतात," मी म्हणालो.

ती थांबली. दोन महिन्यांनी माझ्या घरमालकानं सामान बाहेर काढल्यावर आम्हीही काकूच्या घरकुलातच राहायला गेलो. म्हैस काही हलायला तयार होईना. मग पावसाळाभर ती खोलीत आणि समाजशास्त्राचे प्राध्यापक पडवीत.