काशिनाथ पाटीलचा गुडघा

आर्मी मेडिकल कोरमध्ये मी बावीस वर्षं नोकरी केली. पहिली पोस्टिंग एका पलटणीच्या एम.आय. रूममध्ये, म्हणजे जवानांच्या दवाखान्यात. शेवटची आठ वर्षं बेस हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये. हवालदार म्हणून पेन्शनवर आलो आणि रोह्याला, वरसेत घर बांधलं.

थिएटरमध्ये साडेसहाला हजेरी. अवजारं मोजून लावायची. आठ वाजता सर्जन मेजरसाहेब हात धुवायला उभे. गुडघ्याजवळची मोडलेली हाडं जोडण्यात त्यांचा हातखंडा. त्याचे तीन मार्ग मी पाहून पाहून शिकलो. प्लेट लावायची तर कातडी उघडावी लागते, पण सांध्याचा फुटलेला भाग डोळ्यांनी बघून नीट बसवता येतो. रॉड छोट्या छेदातून हाडाच्या पोकळीत जातो. नळी मधे मोडली असेल तर उत्तम, गुडघ्याच्या अगदी जवळ मात्र त्याला पकड मिळत नाही. तिसरी बाहेरची फ्रेम. हाडातून तारा, पायाभोवती रिंगा. सुजलेली कातडी वाचते, पण महिनोन्महिने ते लोढणं वागवायचं आणि तारांची भोकं पिकतात ती वेगळीच. मेजरसाहेब प्लेटवाले, म्हणून मीही प्लेटवाला.

लान्स नाईक काशिनाथ पाटील माझ्या पहिल्या पलटणीतला. गाव धरमतर खाडीकाठी, बापजादे मिठागरावर राबलेले. फौजेतून सुटल्यावर तो धाटावच्या एका कंपनीत सिक्युरिटीला लागला. मला अजून उस्ताद म्हणायचा.

त्या दिवशी सकाळी सातला त्याची शिफ्ट सुटली. घरी जाताना सव्वाआठच्या सुमारास डंपरला चुकवायला गेला, मोटरसायकल घसरली आणि डाव्या गुडघ्यावर आली. नऊ वाजता तो पेणच्या एका खासगी हॉस्पिटलात होता. मी साडेदहाला पोचलो. एक्स-रेमध्ये नळीच्या हाडाचं वरचं टोक सांध्यापर्यंत उभं चिरलेलं दिसत होतं.

डॉक्टर तरुण होता, पण शहाणा. म्हणाला, "सूज उतरेपर्यंत प्लेट नाही. संध्याकाळी तात्पुरती फ्रेम लावतो." मग काशिनाथकडे वळून, "दुखणं वाढलं, बोटं बधिर झाली, तर लगेच सांगायचं."

"फौजी आहे डॉक्टर," मीच उत्तर दिलं. "तुम्ही काळजी सोडा."

त्यानंतर मी बोलतच राहिलो. अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला माणूस गप्प बसतो थोडाच! काशिनाथच्या बायकोला, सुमनवहिनीला, मी कागदावर चित्र काढून तिन्ही मार्ग समजावले. फ्रेम कशी गैरसोयीची, आजच प्लेट का हवी, मुंबईत कुणाला विचारायचं. फोन लावले. डॉक्टरशी दोनदा वाद घातला.

"भाऊजी, पाय वाचंल ना?" ती विचारायची.

"वाचणार म्हणजे काय! प्रश्न फक्त प्लेट की फ्रेम."

सिस्टर दर तासाला यायची. "काका, दुखतंय?"

"नाय. ठीक हाय."

ती कागदावर लिहायची. मी अभिमानानं ऐकायचो.

चार वाजून दहा मिनिटांनी मी त्याच्या पायावरचं पांघरूण सारखं करायला गेलो. पोटरी लाकडासारखी कडक. अंगठा वर ओढून पाहिला. काशिनाथनं हूं की चूं केलं नाही, पण कपाळावर घामाचे थेंब फुटले आणि त्यानं पलंगाची दांडी धरली. मला कळलं. आत रक्त आणि सूज साठून मांस गुदमरत होतं. याची एकच आगाऊ खूण असते: मोडलेल्या हाडापेक्षाही जास्त दुखणं.

मी डॉक्टरला हाक मारली. मग काशिनाथवर ओरडलो, "कधीपासून दुखतंय?"

"अकरापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"एकदा बोललो व्हतो, उस्ताद. पाय दुखतंय म्हणून एम.आय. रूमला आलतो. सगल्या लायनीसमोर तुमी कामचुकार बोललात. गोली देऊन परत परेडला धाडलात." तो हसायचा प्रयत्न करत होता. "मंग परत कधी नाय बोललो."

मला ते आठवत नव्हतं. असे कितीतरी जवान मी परत धाडले होते. तीच पद्धत होती, आणि मला तिची मजा वाटायची, हेही सांगून टाकतो.

पाच वाजता डॉक्टरनं पोटरी दोन्ही बाजूंनी उघडली. आतलं मांस करडं पडलं होतं. चिमटा लावला तरी हललं नाही. तिथून मुंबई. चौथ्या दिवशी पाय गुडघ्याच्या वर कापला. तोवर मेलेल्या मांसाचं विष रक्तात उतरून किडन्या बसल्या होत्या. नवव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला काशिनाथ गेला. प्लेट, रॉड, फ्रेम, काहीच लागलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी सुमनवहिनीला सगळं सांगितलं. ती तांदूळ निवडत होती.

"तुमी व्हतात म्हणून मी बिनघोर व्हती," ती म्हणाली. मग सूप घेऊन आत गेली. त्या घरी मी पुन्हा गेलो नाही.

लान्स नाईक काशिनाथ पाटील. सतरा वर्षं सेवा, वय सेहेचाळीस. हॉस्पिटलच्या कागदावर अकरा, बारा, एक, दोन, तीन आणि चार वाजता 'वेदना नाही' अशी नोंद आहे. ती खोटी आहे. त्याला फार दुखत होतं.