तीन शिफ्ट, एक कार्ड आणि काकींचं भात

चार माणसं एका ठिकाणी कामाला असली की किस्से आपोआप साचतात. आमच्या रोह्याच्या कंपनीत शिफ्ट बदलताना दहा मिनिटं मिळतात, त्यात काम दोन मिनिटांचं आणि गप्पा आठ मिनिटांच्या. असे आठ-आठ मिनिटांचे किती साचले असतील, हिशेब नाही. त्यातले बरेचसे घरी सांगण्यासारखे नसतात. हे आहेत, म्हणून सांगतो.

आम्ही तिघं. मी पेणचा, इन्स्ट्रुमेंटवाला. प्रकाश रोह्याचाच, फिटर. विलास हायवेवरच्या खांब गावचा, ऑपरेटर. तिघांच्या घरी जुने कॉम्प्युटर, तिघांनाही गेमचा नाद, आणि चांगलं ग्राफिक्स कार्ड एकट्यानं घ्यायची छाती एकाचीही नाही. मग तिघांनी मिळून एकच घेतलं! ज्याची पहिली शिफ्ट, त्याच्याकडे आठवडाभर कार्ड, कारण दुपारनंतर तोच मोकळा. आठवडा संपला की पुढच्याच्या हवाली. ने-आण करायला माझ्या बायकोनं पापडाचा रिकामा डबा दिला, आत स्पंज घालून. गेटवरचा वॉचमन डबा बघून बरेच दिवस आम्हाला पापडाचा भाव विचारायचा.

*

कंपनीत हँडओव्हरशिवाय काही हलत नाही, त्यामुळे कार्डालाही रजिस्टर आलं. कोणी दिलं, कोणी घेतलं, पंखा चालू आहे का, धूळ किती. प्रकाशचं अक्षर कोंबडीनं उकरल्यासारखं, पण नोंद चुकवायचा नाही.

एकदा हे रजिस्टर चुकून साहेबांकडे सहीला जाणाऱ्या गठ्ठ्यात गेलं. आमची तिघांची पाचावर धारण बसली. संध्याकाळी गठ्ठा परत आला. रजिस्टरवर साहेबांची सही होती आणि खाली लाल शाईत रिमार्क होता, 'तापमान नियमित नोंदवावे.'

साहेबांचा शब्द कसा मोडणार? आम्ही तापमानही लिहायला लागलो.

*

त्या तापमानानंच घोटाळा बाहेर काढला. कार्ड विलासकडे असताना चार दिवस लागोपाठ एकच नोंद आली, 'घरी आलो, चालू करण्याआधीच गरम.' बंद कार्ड तापतं कसं? प्रकाश म्हणाला, त्याला ताप आलाय, सुट्टी द्या. मी म्हटलं, वायरिंग बघ. पाचव्या दिवशी विलास अर्धा दिवस टाकून दुपार व्हायच्या आधीच घरी गेला.

कॉम्प्युटरसमोर त्याची आई बसली होती. चष्मा लावून, पदर खोचून, शेतीच्या गेममध्ये नांगर फिरवत होती! मुलगा खेळताना मागे बसून बघून बघून तिनं सगळं उचललं होतं. विलास दारात थिजून उभा राहिला, तर तिनं मागे न बघता सांगितलं, "बोलू नको, नांगर बांधाला आलाय."

विलासची आई म्हणजे आमच्या काकी. त्यांचं भाताचं शेत हायवे रुंद होताना गेलं. मोबदला मिळाला, पण काम गेलं. जन्मभर चिखलात उभी राहिलेली बाई, दिवसभर ओट्यावर बसून गाड्या बघायची. विलास सांगत होता, शेत गेल्यापासून आई जेवायची, पण भूक लागली असं कधी म्हणायची नाही. गेमवर बसायला लागल्यापासून म्हणते. प्रकाशनं रजिस्टर ओढलं आणि तीन शिफ्टच्या खाली चौथी ओळ आखली, 'जनरल शिफ्ट - काकी.' त्या दिवसापासून कार्ड खांबलाच राहिलं आणि पापडाच्या डब्यात पुन्हा पापड आले.

*

काकींनी शेत वाढवत नेलं. जसं शेत मोठं झालं तसा ट्रॅक्टर अडखळायला लागला. चार हात चालायचा, थांबायचा. शेवटी त्यांनी शेजारचा तुकडा घेतला आणि चित्रच गोठलं. काकींनी कॉम्प्युटर बंद केला आणि पुन्हा ओट्यावर जाऊन बसल्या. तीन दिवस त्या खोलीत गेल्या नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी विलासला म्हणाल्या, आज भूक नाय.

आता गंमत राहिली नव्हती. पेणला शुभांगीताईंचं कॉम्प्युटरचं दुकान आहे, तिथं आम्ही तिघं जाऊन उभे राहिलो. प्रकाशनं जाहीर केलं की कार्ड म्हातारं झालं, नवीन दाखवा. शुभांगीताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कार्ड ठणठणीत आहे. ते भराभरा चित्र काढतं. काय काढायचं ते प्रोसेसर सांगतो, आणि तुमचा प्रोसेसर तोतरा आहे."

मग कार्डाला चालेल असा प्रोसेसर द्या, असं मी म्हटलं. त्यांनी कपाळाला हात लावला. कार्डाला कुठलाही चालतो, पण प्रोसेसर कुठल्याही मदरबोर्डवर बसत नाही, हे त्यांनी आम्हाला लहान मुलांना सांगतात तसं सांगितलं. आधी बोर्डाचा नंबर आणा म्हणाल्या.

*

विलासनं दुकानातूनच घरी फोन लावला. काकींनी बाजूचं झाकण काढून फोटो पाठवला. बोर्डावर जिथं नंबर असायला हवा, तिथं कुंकवाचा जाड ठिपका! खंडेनवमीला विलासनं झाकण उघडून आतल्या बोर्डाचीही पूजा केली होती, आणि आम्ही कंपनीवाले पूजा करताना हात आखडता घेत नाही.

शुभांगीताईंनी फोनवर सांगितलं, कुंकू पुसा आणि परत फोटो काढा. काकी म्हणाल्या, "पूजेचं कुंकू मी नाय पुसायची. नंबर दुसरीकडं लिवला असंल तर बघा."

दुसरीकडे लिहिलेला नव्हता. शेवटी विलासनं घरी जाऊन कॉम्प्युटरला हात जोडले, क्षमा मागितली आणि कान साफ करायच्या काडीनं कुंकू टिपलं. नंबर दिसला. बोर्ड चांगला निघाला, त्यावर बराच नवा प्रोसेसर बसत होता.

*

तो प्रोसेसर शुभांगीताईंच्या दुकानात नव्हता, त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिला. कार्डाला पुरेल एवढाच घ्या, जास्त मोठा घेतलात तर नुसता बसून राहील, असंही बजावलं. चिठ्ठी प्रकाशकडे होती, तो पनवेलला निघाला होता. प्रकाशला मधला माल कधी आवडत नाही. चिठ्ठीतल्यापेक्षा एक पिढी पुढचा घेऊन आला, वर म्हणाला, काकींसाठी कंजुषी नको.

बसवायला शुभांगीताई स्वतः खांबला आल्या. त्या हात धुऊन येईपर्यंत प्रकाशनं कामाला सुरुवात केली होती. प्रोसेसरची खाच जागेवर बसेना. त्यानं अंगठा टेकवला, दुसरा अंगठा त्यावर ठेवला आणि विचारलं, जरा जोर देऊ का?

शुभांगीताईंनी त्याचं मनगट धरलं. "दादा, हा बसवतात. ठोकत नाहीत."

पुढच्या पिढीचा या बोर्डावर बसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी प्रकाश पनवेलला जाऊन तो बदलून घेऊन आला.

*

योग्य प्रोसेसर आला, पण बसवण्याआधी बोर्डातला जुना प्रोग्रॅम बदलावा लागणार होता, नाहीतर बोर्ड त्याला ओळखणार नव्हता. काम थोड्या वेळाचं, पण मध्येच लाइट गेली तर बोर्ड कायमचा मेला. आणि खांबची लाइट म्हणजे पाहुणी, कधी उठून जाईल सांगता येत नाही. इन्व्हर्टर नेमका बिघडलेला. आम्ही चौघं प्लगकडे बघत बसलो.

काकी उठल्या आणि त्यांनी गावच्या वायरमनला फोन लावला. विनंती वगैरे काही नाही. त्याला सांगितलं, "आज दुपारी लाइट घालवू नको रं, माझं भात अडकलंय."

पलीकडून तो काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. काकी एवढंच म्हणाल्या, "हाय. परत घेतलंय."

दुपारभर लाइट हलली नाही.

*

संध्याकाळी काकी खुर्चीत बसल्या. आम्ही चौघं मागे उभे. ट्रॅक्टर सुरू झाला आणि लोण्यातून सुरी जावी तसा या बांधापासून त्या बांधापर्यंत गेला. कुठं अडखळणं नाही, थांबणं नाही. विलास शेताकडे बघतच नव्हता, आईच्या तोंडाकडे बघत होता. काकींनी सगळं शेत नांगरलं, पाणी सोडलं, लावणी केली. बघता बघता सगळी स्क्रीन हिरवीगार झाली.

फक्त गेममधल्या रस्त्याला लागून एक लांब पट्टी कोरडी होती. प्रकाशला अर्धवट काम बघवत नाही. तो पुढे वाकून म्हणाला, "काकी, तुमची ही पट्टी राहिली."

काकींनी चष्मा वर केला, पट्टीकडे बघितलं आणि पुन्हा ट्रॅक्टरला लागल्या.

"ऱ्हाऊ दे. रस्तावाले येतील तेव्हा तेवढी जायचीच हाय. उभं पीक कशाला घालवू?"