ताकतीची म्हणून दिलेली गोळी

डॉक्टरीणबाईंनी पॅड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं, माझ्याकडे बघितलं आणि टोपण परत लावलं. लिहिलं काही नाही.

"काका, पुढच्या मंगळवारी या. मग बघू."

मला राग आला. बायको जाऊन चार महिने झाले होते. जेवण घशाखाली उतरत नव्हतं, दाढी वाढली होती, आंघोळ एक दिवसाआड. मुलगी रोज फोनवर म्हणायची, बाबा, डॉक्टरला दाखवा, मनाच्या गोळ्या असतात. मला ते सांगायची गरज नव्हती. देवासच्या याच दवाखान्यात मी एकतीस वर्षं कंपाउंडर होतो, या बाईंच्या वडिलांच्या हाताखाली. आता त्यांचे गुडघे गेले, ते घरी बसतात, आणि त्यांची खुर्ची ही चालवते. लहानपणी माझ्या स्टुलावर चढून रिकाम्या बाटल्या वाजवायची. ती मला गोळी लिहीत नाही म्हणजे काय? घरचा माणूस म्हणून लाजते, का म्हाताऱ्याचं रडणं म्हणून सोडून देते?

पण रस्त्यात राग जरा उतरला तेव्हा दुसरंच वाटलं. उघडलेलं पेन बंद करणं डॉक्टरला किती जड जातं ते मी पाहिलेलं आहे. लिहून टाकलं की मरीज खूश, रांग पुढे. हिनं बंद केलं. कुणाची मुलगी आहे!

मी आठवी शिकलो, तेही हिंदीत. औषधांची नावं वाचता येतात, त्यापुढचं मला विचारू नका. पण मोठे डॉक्टर, म्हणजे बाईंचे वडील, ही उदासीची गोळी कधी लिहायचे आणि कधी नाही, हे मी रोज डोळ्यांनी बघितलं आहे.

बाहेर चाळीस माणसं, आत एक. हाटपिपल्याहून आलेल्या बाईची बस सुटत असते. ती सांगते डोकं दुखतं, कंबर दुखते, हातपाय गळतात. रडू येतं असं कुणी सांगत नाही. सोबत सासू असली तर सगळं सासूच सांगते. मग डॉक्टर म्हणायचे, "अम्मा, आप ज़रा बाहर वज़न करा लो." वजनकाटा माझ्याकडे. मी अम्मांचं वजन तीनतीनदा करायचो.

"भिया, कांटा खराब है क्या?"

"आप हिलती हो, अम्मा. सीधे खड़े रहो."

तेवढ्या वेळात आत सुनेच्या तोंडून खरं बाहेर पडायचं.

पडलं तरी डॉक्टर लगेच लिहायचे नाहीत. ही गोळी तापाच्या गोळीसारखी नाही. दोनतीन आठवडे तर घेणाऱ्याला फरकच कळत नाही, उलट आधी मळमळतं. आमच्याकडे तिसऱ्या दिवशी आराम पडला नाही की लोक डॉक्टर बदलतात. इंदूरच्या मनाच्या मोठ्या डॉक्टरकडे जा म्हटलं तर घरचे उठून उभे राहायचे, "हमारी बहू पागल थोड़ी है!" म्हणून डॉक्टर आधी बघायचे, हा माणूस परत येईल का? येईलसं वाटलं तर लिहायचे. नाहीतर धीर द्यायचे, आठ दिवसांनी बोलवायचे. औषधकंपनीचा माणूस बॅग घेऊन यायचा, पेन आणि कॅलेंडर ठेवून जायचा. पेन डॉक्टर मला द्यायचे. म्हणायचे, "शाई याची वापरा, अक्कल आपली वापरा."

गोळ्या मीच द्यायचो. पट्टी कापून खाकी कागदाच्या पुडीत घालायची. वाचता न येणाऱ्यांसाठी पुडीवर चित्र काढायचं, सकाळची असेल तर सूर्य, रात्रीची असेल तर चंद्र. उदासीच्या गोळीवर सूर्य असायचा. मरीज विचारायचा, "भिया, ये काय की गोली है?" मी सांगायचो, "ताकत की."

हे मला कुणी शिकवलं नव्हतं. माझीच हुशारी. मनाची गोळी म्हटलं असतं तर लोकांनी बाहेरच्या नाल्यात टाकली असती. ताकतीची म्हटलं की घ्यायचे. डॉक्टरांना मी हे कधी बोललो नाही.

आता आमच्या मंडळींचं सांगतो.

ती धारची. जीभ सरळ, लागली तर लागली. रोज सकाळी टेकरीवर देवीला जायची आणि उतरताना ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांशी दोन शब्द बोलूनच खाली यायची. दुपारी माझा डबा घेऊन दवाखान्यात यायची आणि डॉक्टरांशी भांडायची. "तुम्ही यांना वेळेवर सोडत नाही, पोळ्या वातड होतात." डॉक्टर म्हणायचे, "वहिनी, पोळ्या मुळातच वातड असतील." हे रोजचं होतं.

आणि मग काही कारण नसताना ती विझली. मला हेच समजेना. मुलगी सुखानं नांदत होती. घरात भांडण नाही, आजारपण नाही. मग रडते कशाला? टेकरी बंद. केस विंचरायचं बंद. मी ओरडलो. म्हटलं, बाहेर चालत जा, भजनाला जा, सगळं डोक्यात आहे तुझ्या. सुनेला आणणाऱ्या सासवा अगदी हेच बोलायच्या, आणि मी काटा धरून त्यांना मनात शिव्या घालायचो.

ओळखलं डॉक्टरांनी. ती डबा ठेवून न बोलता निघाली तेव्हा त्यांनी मला आत बोलावलं.

"आठ दिवस झाले, वहिनी माझ्याशी भांडल्या नाहीत. काय झालंय?"

"काही नाही, साहेब. वय झालं."

"बोलवा त्यांना."

ती आत खुर्चीवर बसली, मी तिच्यामागे उभा राहिलो. डॉक्टर तिला विचारायचे आणि उत्तर मी द्यायचो. झोपते का? झोपते, साहेब. जेवते का? जेवते थोडं. तिसऱ्या प्रश्नाला डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"कंपाउंडर, तुम्ही जरा बाहेर जाऊन स्वतःचं वजन करा."

एकतीस वर्षांत मला इतकी लाज कधी वाटली नाही. मी गेलो आणि खरंच काट्यावर उभा राहिलो. बासष्ट किलो.

दार उघडलं तेव्हा तिचा पदर ओला होता आणि कागदावर गोळी लिहिलेली होती. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "बाहेर गर्दी आहे, घरी तुम्ही नीट समजावा. उदासीची गोळी आहे, मी सांगेपर्यंत बंद करायची नाही. तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तर यातलेच."

मी पुडी बांधली. सूर्य काढला. घरी तिनं विचारलं, "कशाची आहे?"

शब्द तोंडाशी आला होता. पण बायकोला तो शब्द सांगायचा म्हणजे मला आधी तो मान्य करायचा होता. मी म्हटलं, "ताकतीची."

महिन्याभरात ती सुधारली. दुसऱ्या महिन्यात टेकरी चढली. डॉक्टरांना म्हणाली, तुमचं पोट सुटलंय. मी मनात फुगलो, बघा, माझी ताकत कशी चालते.

मग ती माहेरी धारला गेली, भावाकडे. भावजय गुडघ्यांनी बेजार, उठताबसता "अंगात ताकत नाही गं" म्हणायची. आमच्या बायकोनं पिशवीतून माझी पुडी काढली आणि तिच्या हातात ठेवली. "ही घे. आमच्याकडची ताकतीची गोळी आहे, फार गुणाची. मला आता आली ताकत, मला नको."

आमच्याकडे लोणचं देतात तशी गोळी दिली. आणि स्वतःची बंद.

आठ दिवसांनी धारहून फोन. भावजयीला मळमळ, चक्कर, पोटात गोळा. तिकडच्या डॉक्टरनं पट्टीवरचं नाव वाचलं आणि विचारलं, "ये किसने दी? ये तो डिप्रेशन की दवा है." भर घरात, सगळ्या माणसांदेखत. आमच्या मंडळींना आपल्याला काय झालंय ते असं कळलं.

ती दुसऱ्या दिवशी इंदूरवरून दोन बसा बदलून आली. तोवर तिचं सगळं परत सुरू झालेलं चेहऱ्यावरच दिसत होतं. पायातल्या चपला न काढता तिनं पुडी माझ्यापुढे ठेवली.

"हे काय आहे?"

"गोळी."

"कशाची?"

मी तिची पिशवी उचलून आत ठेवायला निघालो.

"मला वाटायचं, माझा नवरा अडाणी आहे पण खोटं बोलत नाही. अर्धंच बरोबर निघालं."

"अगं, लोक काय म्हणतील म्हणून—"

"मी लोक आहे का?"

सकाळी ती दवाखान्यात आली. डबा नव्हता. सरळ आत गेली आणि डॉक्टरांनाही सोडलं नाही.

"आजार माझा, गोळी मी खाणार, आणि समजावणार यांना? मला कान नाहीत?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. "चुकलो, वहिनी. बाहेर चाळीस माणसं होती."

"मी एकेचाळिसावी होते का?"

त्यांनी तिला बसवलं आणि सगळं सांगितलं, किती महिने घ्यायची, मधे का सोडायची नाही, बंद करायची तर हळूहळू कशी. मला मुद्दाम समोर उभं केलं होतं. पुडी बांधायला मी बाहेर आलो तर ती माझ्यामागून येऊन बाकावर बसली. पुढे एक बाई होती, तिला हीच गोळी लिहिलेली. बाईनं विचारलं, "भिया, ये काय की गोली है?"

मी तोंड उघडायच्या आत बाकावरून आवाज आला.

"उदासी की है, बैन. मैं भी लेती हूँ. पूरी लेना, बीच में मत छोड़ना. मैंने छोड़ी थी, देख क्या हाल हुआ."

चाळीस माणसांनी माना वळवून तिच्याकडे बघितलं. मी जमिनीकडे बघत होतो. कोपऱ्यातली एक म्हातारी पुढे वाकली आणि म्हणाली, "थारे बी रोनो आवे?"

"मुझे भी रोना आता है, अम्मा. बैठो इधर."

त्या दिवशी मला वाटलं होतं, आता हिला घेऊन गावात फिरायचं कसं? आज लिहिताना छाती भरून येते. आठवी शिकलेल्या नवऱ्यानं आणि मोठ्या डिग्रीच्या डॉक्टरनं मिळून जे केलं नाही ते तिनं दोन वाक्यांत केलं. पुढे डबा आणला की ती अर्धा तास बाकावर बसायची. डॉक्टर आतून मरीजाला सांगायचे, बाहेर जाताना वहिनींशी बोलून जा. ज्यांना गोळी लागत नव्हती त्यांनाही तिच्याकडे धाडायचे. ते मला एकदा म्हणाले, "तुमच्या घरच्या बसायला लागल्यापासून मी न घाबरता लिहितो. लोक परत येतात." मी पुडीवर सूर्य काढून खाली खरं लिहायला लागलो. वर्षभरानं डॉक्टरांनी तिची गोळी हळूहळू बंद केली, आणि त्यानंतर ती चांगली अकरा वर्षं माझ्या डोक्यावर बसून होती. या हिवाळ्यात छातीनं नेलं.

तर मी मंगळवारी परत गेलो. आणि त्याच्या पुढच्या. डॉक्टरीणबाईंकडे एक छापील कागद आहे, हिंदीतला, त्यावरचे प्रश्न ती दर वेळी विचारते. मराठी तिला वाचायला जड जातं, बोलते मात्र गोड. दुसऱ्या मंगळवारी मी विचारलंच, "लिहीत का नाहीस?"

"काका, काकू गेल्या. रडायलाच पाहिजे. रडण्यावर मी गोळी नाही देणार. पण त्याच्या आडून बिमारी घुसली तर मी छोडणार पण नाही. मला फक्त तुम्ही दर मंगळवारी दिसायला हवेत."

"बाहेर रांग आहे."

"असू द्या रांग."

चौथ्या मंगळवारी मुलगी आली होती, ती सोबत आत शिरली. डॉक्टरीणबाईंनी मला विचारलं, झोप येते? मुलगी म्हणाली, आता बरी आहे. जेवता? जेवतात, कालच दोन बाफले खाल्ले. बाईंनी पेन खाली ठेवलं आणि मुलीला म्हणाल्या, "ताई, तुम्ही जरा बाहेर वजन करून या."

मी हसलो. चार-पाच महिन्यांत पहिल्यांदा आवाज करून हसलो, आणि हसता हसता बांध फुटला. सांगितलं सगळं. टेकरीकडे बघवत नाही. सकाळी उठलो नाही तरी चालेल असं वाटतं, आणि आता ते रोज वाटतं. डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, स्वतःला काही करावंसं वाटतं का? मी म्हटलं, नाही, तेवढा उत्साह पण नाही. तिनं माझा हात धरून ठेवला, मुलीला परत आत बोलावलं, तिलाही सगळं सांगितलं, माझ्यासमोर. आणि मग पेनाचं टोपण काढून लिहिलं.

बाहेर आताचा कंपाउंडर पुडी बांधत होता. मी म्हटलं, पेन दे. सूर्य मी काढला. सूर्य चपटा आला. खाली लिहिलं, उदासीची.

बाकावर मफलर गुंडाळलेला माझ्याच वयाचा एक माणूस बघत होता.

"भिया, ये काय की गोली है?"

मुलगी माझी बाही ओढायला लागली. मी पुडी त्याच्याकडे वळवली आणि कोपऱ्यापर्यंत ऐकू जाईल असं सांगितलं. तो थोडा सरकला, बाकावर जागा केली. मी मुलीला म्हटलं, तू रिक्षा बघ, मला जरा वेळ लागेल.