भिजवलेला फॉल

उदगीरला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई साड्यांना फॉल-पिको करून देतात. नवा फॉल आधी बादलीत भिजवायचा, वाळवायचा, मगच साडीला लावायचा, हा त्यांचा नेम. म्हणून कोणीही साडी घेऊन आलं की मशीनवरून मान वर न करता त्या म्हणतात, "उद्या या."

भाचीच्या साखरपुड्याला मला साडी त्याच दिवशी हवी होती.

"भिजवल्याबिगर लावत न्हाई मी, ताई. धुतल्यावर फॉल आटतो अन् सगळा काठ चुणतो."

"मला आजच नेसायचीय."

"साडी एका दिवसाची हाय का?"

मी रागाने साडी उचलली आणि चौकातल्या दुकानातून तासाभरात फॉल लावून घेतला. साखरपुड्यात तोऱ्यात मिरवलेसुद्धा.

पहिल्याच धुण्यात काठ चुणला. मी खाली मान घालून परत गेले. त्यांनी काठावरून बोट फिरवलं, पण कुठून लावून घेतला ते विचारलं नाही. एक नवा फॉल बादलीत बुडवला आणि माझ्या हातात ब्लेड दिलं.

"जुना तुम्हीच उसवा."

उंबऱ्यावर बसून मी टाका न् टाका उसवला. उठताना त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणाले, "उद्या येते."