साडूचा भोपळा

दुष्काळ सरला त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सासऱ्यांनी आम्हा दोघा जावयांना एकाच फळातलं भोपळ्याचं बी दिलं. सासरे पलटणीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. बेळगावकडच्या एका जुन्या सोबत्यानं त्यांना ते बी दिलं होतं, आणि त्याचा भोपळा एकट्याला उचलवत नाही असं ते सांगत. "दसरा झाल्यावर विट्यात शेतीमालाचं परदर्शन भरतंय. बघू कुणाचा मोठा होतोय," असं ते हसत म्हणाले. मी ते हसण्यावारी नेलं नाही.

कारण दुसरा जावई म्हणजे माझा थोरला साडू. विट्याजवळच्या गावचा, पण मद्रासकडं सोनं गाळायचं दुकान चालवणारा. वर्षातून एकदा यायचा तो टेरिकॉटच्या शर्टात. सासरवाडीला गेलं की पहिलं ताट त्याचं, पहिली खुर्ची त्याची. मी ते सगळं गिळत आलो होतो, कारण शेती तेवढी माझी होती. माझं रान कृष्णाकाठचं, काळंभोर; त्याचं मुरमाड. त्या वर्षी घराचं बांधकाम काढलं म्हणून तो पावसाळाभर गावी राहिला होता. खुरपं कसं धरतात हे तरी त्याला ठाऊक होतं की नाही, कोण जाणे.

माझा वेल झपाट्यानं वाढला. श्रावणात फळ धरलं. बाकीची फुलं खुडून मी एकच भोपळा ठेवला, आणि तो रोज फुगायला लागला. मी सुतळी घेऊन त्याचा घेर मोजायचो आणि वितीवर धरून बघायचो.

मग साडूची कार्डं यायला लागली. आमचा पोस्टमन कार्ड द्यायच्या आधी वाचायचा आणि पारावरच्या माणसांना ऐकवायचा. "तुमच्या साडूचा भोपळा चार विती झाला म्हणं." माझा साडेचार होता, म्हणून मी हसलो. पुढच्या आठवड्यात त्याचा पाच झाला. माझा मात्र साडेचारावरच.

मला वाटलं, मोजण्यात चूक झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजला. मग सकाळी आणि संध्याकाळी मोजायला लागलो. सुतळी तसूभर पुढं सरकेना. शेणाचा काला घातला. युरिया टाकला, तर पानं तेवढी हिरवीगार झाली. फळमाशी असेल म्हणून तंबाखूचं पाणी मारलं. पाणी जास्त होतंय म्हणून चर काढला, मग कमी पडतंय म्हणून तो बुजवला. बायको बांधावर उभी राहून बघायची.

"आवं, आबांना इचारा की एकदा," ती म्हणाली.

"तुझ्या आबांना? ते पलटणीत हुते. शेती म्या केलीया."

"मग कार्डं आल्यावर जेवान का सोडता?"

खरं तर जेवण जातच नव्हतं. अंथरुणावर पडलो की साडूचा भोपळा डोळ्यांपुढं फुगायचा. त्याला कीड लागावी असं मनात यायचं. मी ते कुणाला बोललो नाही, पण आलं होतं हे खरं.

सात वितींचं कार्ड आलं तेव्हा मी एसटी धरली. काहीतरी लबाडी असणार, याची मला खात्री होती.

साडू घराच्या कामावर गवंड्यांशी बोलत होता. "या पाव्हणं! रानात जाऊन बघा जावा, मी आलोच," म्हणाला. मी एकटाच रानात गेलो, आणि वेलापाशी मला सासरे दिसले. बनियनवर, उकिडवे बसून, वेलाच्या पेरावर माती ओढत होते. सायकल बाभळीला टेकवलेली होती.

मला सगळं कळून चुकलं. वेल साडूनं वाढवलाच नव्हता. सासरे रोज दोन कोस सायकल मारून येत होते. त्या घडीला भोपळा मी विसरूनच गेलो. मला झोंबलं ते वेगळंच होतं.

"मामा, तुमी हितं रोज येता?"

"व्हय. थोरल्यांनी बलावलं. म्हणालं, मला काय कळत न्हाई, तुमीच बघा."

"माझ्याकडं नाही आला एकदाबी."

सासऱ्यांनी हात झटकले. "तुमी बलावलं नाही, जावईबापू. तुमी शेतकरी. न बोलवता शिकवाय आलो असतो तर आवडलं असतं का?"

खाली बघायचं म्हणून मी भोपळ्याकडं वळलो. तो गवताच्या जाड थरावर बसला होता, वर सावलीला पोतं बांधलेलं. माझ्या खिशात सुतळी होतीच. ती खालून ओवायची म्हणून मी सवयीनं दोन्ही हात घालून भोपळा एका अंगावर कलता करायला गेलो.

"आवं! हलवू नगा!" सासरे एवढ्या मोठ्यानं ओरडले की मी मागं सरलो. मग ते हळू आवाजात म्हणाले, "घरचा बी असाच मोजता व्हय?"

"व्हय."

"किती बारी?"

"सकाळ-संध्याकाळ."

त्यांनी भोपळ्याच्या बुडाशी पडलेली सुतळीची दोन टोकं दाखवली. फळ लिंबाएवढं होतं तेव्हाच त्यांनी सुतळी खालून घालून ठेवली होती. टोकं वर घेऊन जुळवली की माप मिळे, आणि फळ जागचं हलत नसे. "देठ पिळला की अन्न थांबतं. तुमचं रान चांगलं हाय, खत चांगलं हाय. देठ बघा जाऊन."

घरी येऊन बघितलं. देठाला बारीक चीर पडून ती वाळली होती. माझा भोपळा पुढं वाढला नाही. शेंड्याकडं उशिरा धरलेलं एक फळ मी राहू दिलं. त्याला हात लावला नाही, पण ते डोक्याएवढंच झालं.

दसऱ्यानंतर साडूला दुकानावर परतावं लागलं. जाताना त्यानं कार्ड टाकलं, की मामांना झेपायचं नाही, तेव्हा पाव्हणं, भोपळा परदर्शनाला तुमीच न्या. मी जाणार नव्हतो. बायकोनं पिशवी भरून दारात ठेवली, म्हणून गेलो.

चौघांनी मिळून तो बैलगाडीत चढवला. गाडी सासरे हाकत होते. ओढ्यात चाक दगडावर चढलं आणि गाडी कलली, तेव्हा मी झेप टाकून भोपळ्याला मिठी मारली. माझ्या दंडाला गाडीच्या साट्याची कड लागून रक्त आलं. सासऱ्यांनी मागं वळून बघितलं आणि बैलांना हाक दिली.

पहिला नंबर आला. चिठ्ठीवर नाव साडूचंच होतं, पण भोपळ्याशेजारी उभा होतो मी. माणसं मलाच विचारायला लागली, काय घातलंत, कसा वाढवलात. आणि मी सांगत सुटलो. पेरावर माती ओढावी, खाली गवत घालावं, सुतळी आधीच घालून ठेवावी. एकानं वहीत लिहून घेतलं. साडूचं नाव मी एकदाही घेतलं नाही, सासऱ्यांचंही नाही. ते माझ्यामागं उभे राहून ऐकत होते, हे नंतर लक्षात आलं.

"चला," ते एवढंच म्हणाले, "बैलांना पाणी दावायचंय."

परत आल्यावर सासऱ्यांनी भोपळा कापला. अर्धा भोपळा त्यांनी माझ्याबरोबर बांधून दिला. साडूनंच तसं कळवलं होतं, म्हणाले. बायकोनं त्याचे घारगे केले.

"कसं झाल्यात?" तिनं विचारलं.

"भोपळा जरा जून झालाय," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं, ताटात आणखी दोन घारगे वाढले, आणि मी ते खाल्ले.